निधान, काका, निधान



आमच्या बेळगावात मराठी आणि कन्नड एकाच चुलीवर शिजतात. त्यामुळे कन्नडातला ‘निधान’ हा शब्द मला लहानपणापासून ठाऊक आहे. निधान म्हणजे सावकाश, हळू. रिक्षा जोरात पळवणाऱ्याला आपण म्हणतो, पायरी उतरणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला म्हणतो. मराठीत मात्र निधान म्हणजे ठेवा, जपून ठेवलेलं धन. हे दोन्ही अर्थ एकाच शब्दात राहतात हे माझ्या ध्यानात यायला साठी उलटावी लागली, आणि त्याआधी आमच्या ह्यांना लकवा मारावा लागला.

मी पॅरिशच्या आजारी-भेट गटात बरीच वर्षं काम करते. कितीतरी बिछान्यांशेजारी बसून मी म्हटलं आहे, “विश्वास ठेवा, प्रभू सगळं बरं करील.” आज त्या वाक्याबद्दल थोडं बोलायचं आहे. काही कबूलही करायचं आहे.

गेल्या वर्षी जूनमधली गोष्ट. सकाळच्या मिस्सेला निघायचं होतं. ह्यांचा डावा पाय चपलेत जाईना. मी हसले. मग वर पाहिलं तर तोंड एका बाजूला ओढलेलं आणि शब्द जड. मला वाटलं साखर उतरली. साखरपाणी दिलं, त्यांना ठसका लागला. “थोडं पडा, बरं वाटेल,” म्हटलं. यात दोन-अडीच तास गेले. हॉस्पिटलात पोहोचून स्कॅन होईपर्यंत गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनची वेळ निघून गेली होती. ते इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांतच देतात, आणि त्यातही जितकं लवकर तितकं बरं. म्हणून हे आधीच लिहून टाकते: तोंड वाकडं होणं, हात किंवा पाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं, यातलं एक जरी अचानक दिसलं, तरी घड्याळात वेळ बघा, तोंडात पाणीसुद्धा घालू नका आणि थेट मोठं हॉस्पिटल गाठा. प्रार्थना गाडीत बसून करता येते.

पहिले काही दिवस डावा हात ओल्या फडक्यासारखा होता. उचलून ठेवावा तिथे पडून राही. दुसऱ्या महिन्यात तो आखडू लागला. कोपर वाकलं, मनगट आत वळलं, मूठ मिटली आणि अंगठा मुठीच्या आत गेला. पाय उलट ताठ झाला, चवडा खाली आणि आत वळलेला. मला आनंद झाला! मी सगळ्यांना फोन करून सांगितलं, “हातात जोर येतोय.” भेटायला आलेल्यांनी रबरी चेंडू आणून दिले. दाबा म्हणाले, जोर वाढेल.

फिजिओथेरपीसाठी येणारी मुलगी वयाने आमच्या थोरलीपेक्षा लहान. घरची कन्नड, पण मराठी छान बोलते, मधूनमधून कन्नड शब्द मिसळून. तिने आल्या आल्या चेंडू काढून ठेवले. म्हणाली, “काकू, हा जोर नाही. ही स्पॅस्टिसिटी. मिटणारे स्नायू आधीच जास्त काम करताहेत. त्यांना चेंडू देऊन आणखी मिटायला नका शिकवू.”

तिने जे समजावलं ते मी माझ्या भाषेत सांगते. आपल्या स्नायूंना एक सवय असते. कुणी झटकन ताणलं की ते झटकन आखडतात. मेंदू वरून या सवयीला लगाम घालून असतो. लकव्यात मेंदूचा तो भाग दुखावला की लगाम सुटतो. मग हात जोरात ओढला तर तो मध्येच अडकतो, जणू कुणी आतून धरून ठेवलंय. तोच हात अगदी हळू उघडला तर पुष्कळ पुढे येतो. तिने करून दाखवलं. एकदा भरकन, कोपर अडलं. दुसऱ्यांदा सावकाश, मनात आकडे मोजत, आणि कोपर जवळजवळ सरळ झालं. ह्यांना घाई होती. ते स्वतःच उजव्या हाताने डावा ओढू लागले. तेव्हा ती म्हणाली, “निधान, काका, निधान.”

आता माझी चूक.

तिसऱ्या महिन्यात मी थकले होते. रोज तेच. दहा वेळा हे, पंधरा वेळा ते, आणि फरक बोटभर नाही. कुणीतरी बाहेरगावच्या एका आरोग्यप्रार्थनेबद्दल सांगितलं. मी ठरवलं, तिकडे जायचं, आणि परत येईपर्यंत घरी नऊ-नऊ दिवसांच्या दोन नोव्हेना करायच्या. रक्तदाबाच्या गोळ्या चालू ठेवल्या, पण फिजिओच्या मुलीला “तीन आठवडे येऊ नको” म्हणून सांगितलं. व्यायाम बंद करा असं मला कुणी सांगितलेलं नव्हतं. प्रार्थना घेणारे साधे, मनापासूनचे लोक होते. व्यायाम म्हणजे अविश्वास, हे माझ्याच डोक्यातून निघालं होतं.

परतल्यावर त्या रात्री मी ह्यांच्यासमोर बसले, डोळे मिटले, त्यांची मूठ धरली आणि “येशूच्या नावाने उघडा” म्हणत जोरात ओढली. ते कळवळून ओरडले. मूठ माझ्या बोटांवर आणखी घट्ट मिटली. मग खूप वेळाने त्यांनी विचारलं, “अगं, माझा विश्वास कमी पडतोय का?”

बंधुभगिनींनो, हा प्रश्न मी चाळीस वर्षांच्या संसारात कधी विसरणार नाही. आजारी माणसाच्या अंगावर मी आजाराबरोबर अपराधही ठेवला होता. ज्या बिछान्यांशेजारी बसून मी ते वाक्य म्हटलं होतं, त्यांतल्या किती जणांनी मी गेल्यावर भिंतीकडे तोंड करून हेच विचारलं असेल?

दुसऱ्या दिवशी फोन केला. मुलगी आली. रागावली नाही. मूठ उघडायला तिला आधीपेक्षा दुप्पट वेळ लागला. तळहात घामाने पांढरा पडला होता, नखं रुतून दोन ठिकाणी खुणा झाल्या होत्या, वास येत होता. तिने कोमट पाणी मागितलं. मनगट आधी आणखी वाकवून मग बोटं एकेक करून सोडवायची, हे तिने मला शिकवलं. मनगट वाकलं की बोटं आपोआप जरा सैल पडतात. मी तो तळहात धुतला, पुसला, नखं कापली. पवित्र गुरुवारी प्रभूने शिष्यांचे पाय धुतले ते आपण दर वर्षी ऐकतो. मला त्या दिवशी तो प्रसंग चर्चमध्ये नाही, आमच्या मोरीशेजारच्या स्टुलावर दिसला.

संत मार्कच्या शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायात, सभास्थानातल्या वाळलेल्या हाताच्या माणसाची गोष्ट आहे. मी ती शंभर वेळा वाचली असेन. या वेळी एक गोष्ट दिसली. प्रभूने त्या माणसाचा हात धरून ओढला नाही. त्याला पुढे उभं केलं आणि हात त्यालाच लांब करायला सांगितला. जे त्याला येत नव्हतं नेमकं तेच, आणि त्याने ते केलं. बरं करणारा प्रभू होता, पण हात पुढे करण्याचं काम त्याने त्या माणसाकडून काढून घेतलं नाही. मी मात्र सहा महिने ह्यांना भरवत होते, बटणं लावत होते, पाण्याचा पेला तोंडाशी धरत होते. प्रेमाने सगळं करून टाकलं, आणि त्यांच्या हाताला करायला काही ठेवलंच नाही.

त्यानंतर मुलीने ह्यांना एक प्रश्न विचारला, जो आमच्यापैकी कुणीच विचारला नव्हता. “काका, तुम्हाला काय करता यायला हवंय?” ह्यांनी विचार केला आणि म्हणाले, “रांगेत उभं राहून हातावर कम्युनियन घ्यायचंय.” तोवर रविवारी मिस्सेनंतर मीच पवित्र कम्युनियन घरी आणून त्यांना जिभेवर देत असे. मुलगी ख्रिस्ती नाही. तिने ह्यांना ते करून दाखवायला सांगितलं. डावा तळहात वर, उजवा त्याच्याखाली, मग उजव्या हाताने उचलून तोंडात. ती म्हणाली, “म्हणजे दोन कामं. मूठ उघडी राहायला हवी, आणि काठी न धरता उभं राहायला हवं.” त्या दिवसापासून आमचे सगळे व्यायाम या दोन कामांसाठी झाले.

आधी हाताचं सांगते. रोज सकाळी नि संध्याकाळी सावकाश ताण आणि तो धरून ठेवणं. बाकावर उघडा तळहात टेकवून त्यावर अंगाचा थोडा भार देणं. झोपताना आणि बसताना हात उशीवर नीट ठेवणं, लोंबकळू न देणं. डॉक्टरांनी बॅक्लोफेनच्या गोळ्या दिल्या. आखडणं कमी झालं, पण ह्यांना दिवसभर गुंगी येई आणि पायही ढिला पडे. तेव्हा कळलं की ताठ पाय त्रासदायक असला तरी उभं राहायला तोच थोडा आधार देत होता. गोळी हळूहळू कमी केली. ती एकदम बंद करणं धोक्याचं असतं, हे डॉक्टरांनी बजावलं होतं. मग हाताच्या ठरावीक स्नायूंत बोट्युलिनम टॉक्सिनचं इंजेक्शन दिलं, ज्याला लोक बोटॉक्स म्हणतात. खर्चिक आहे. परिणाम दिसायला आठवडा-दोन आठवडे लागतात आणि तीनेक महिन्यांत तो ओसरतो. मुलगी म्हणाली, “इंजेक्शन फक्त दार उघडतं, काकू. आत चालायचं काकांनाच आहे.” त्या तीन महिन्यांत आम्ही एक दिवस वाया घालवला नाही.

आम्ही तिला आमची जपमाळ दाखवली. तिने मणी हातात घेऊन पाहिले आणि मोठ्या मण्यांची माळ मिळेल का विचारलं. रोज संध्याकाळी ह्यांनी डाव्या हाताने मणी धरायचा आणि सोडायचा. धरणं सोपं होतं. सोडणं कठीण. एकेका ‘नमो मारिया’ला मिनिट लागे. पन्नास मण्यांची माळ आम्ही कधीच पूर्ण केली नाही, पहिले कित्येक आठवडे एकच दशक होई. पण मला एक उमगलं. आपण कॅथलिक लोक तीच प्रार्थना पुन्हा पुन्हा म्हणतो म्हणून कुणी हसतं. दुखावलेला मेंदूही तसाच शिकतो, तीच हालचाल पुन्हा पुन्हा करून. पुनरुक्तीला कंटाळणारी मी, आणि जपमाळ मात्र रोज म्हणणारी! मलाच माझं हसू आलं.

पावसाळ्यात एकदा हात अचानक दगडासारखा झाला. मी घाबरले. मुलीने हाताकडे न बघता विचारलं, “काकांना लघवीला जळजळ होतेय का?” होत होती. तपासणीत संसर्ग निघाला, औषधाने तो गेला आणि हात पुन्हा सैल झाला. बद्धकोष्ठता, जखम, दुखणं, मानसिक ताण, यांपैकी काहीही असलं तर आखडणं वाढतं. तेव्हापासून कुणी माणूस अचानक कठोर वागला की मी आधी विचारते, याचं दुखतंय कुठे?

आता तोल. एके रात्री हे मला न उठवता बाथरूमला गेले आणि पडले. हाड वाचलं, पण मनात भीती बसली. त्यानंतर उभं राहिले की सगळा भार उजव्या पायावर. मुलीने एक साधी युक्ती केली. आमचा वजनकाटा आणि शेजारच्यांचा वजनकाटा शेजारी शेजारी ठेवले आणि ह्यांना एकेक पाय एकेका काट्यावर ठेवायला लावला. उजवीकडे ४७ किलो, डावीकडे १७. ह्यांना वाटत होतं आपण सरळ उभे आहोत! मग रोज स्वयंपाकाच्या ओट्याला धरून, मागे खुर्ची ठेवून, डाव्या पायावर थोडा थोडा भार द्यायचा. खुर्चीतून हात न टेकता उठायचं आणि बसायचं, दहा वेळा. ओट्यावरचा डबा उजवीकडून उचलून डावीकडे ठेवायचा. पाय जवळ घेऊन उभं राहायचं. हे सगळं कुणीतरी शेजारी असतानाच. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना कमजोर पाय आधी. काठी चांगल्या हातात. बाथरूममध्ये धरायला दांडा, खाली रबरी चटई, रात्री दिवा.

तोल मोजायची एक परीक्षा असते, बर्ग बॅलन्स स्केल. चौदा कामं, प्रत्येकाला जास्तीत जास्त ४ गुण, एकूण ५६. ह्यांना पहिल्यांदा १९ मिळाले, मग ३३, आता ४६. साधारणपणे ४५ च्या खाली गुण असले तर पडण्याची भीती जास्त धरतात. शाळेत नापास झालेला मुलगा जसा निकाल दाखवतो तसे हे येईल त्याला ४६ सांगतात.

मध्यंतरी थोरलीने एक अभ्यास वाचून दाखवला. भारतातल्या १४ हॉस्पिटलांत, लकवा झालेल्या १२५० रुग्णांवर तो झाला, आणि २०१७ साली लॅन्सेट साप्ताहिकात आला. त्यात लुधियानाच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचे डॉक्टर पुढे होते. घरच्यांना थोडं शिकवून त्यांच्याकडून व्यायाम करून घेतले तर रुग्ण जास्त सुधारतात का, हे पाहायचं होतं. सहा महिन्यांनी दोन्ही गटांत फरक दिसला नाही. मला वाईट वाटलं, मग बरंही वाटलं. घरच्यांनी काही करू नये असा याचा अर्थ नाही. पण नुसत्या प्रेमाने आणि चार दिवसांच्या शिकवणीने थेरपिस्टची जागा भरत नाही. ते ओझं एकट्या बायकोने किंवा एकट्या सुनेने उचलायचं नाही.

आपल्याच ख्रिस्ती परिवारातल्या डॉ. मेरी वर्गीस यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये त्या काम करत असताना १९५४ साली गाडीला अपघात झाला आणि कमरेखालचं अंग कायमचं गेलं. त्या पुन्हा चालल्या नाहीत. पण चाकाच्या खुर्चीत बसून त्यांनी कुष्ठरोग्यांच्या हातांवर शस्त्रक्रिया केल्या, पुढे परदेशात जाऊन पुनर्वसनाचं शिक्षण घेतलं, आणि वेल्लोरला १९६६ साली सुरू झालेल्या पुनर्वसन संस्थेमागे त्या होत्या. त्यांचा विश्वास कमी पडला असं म्हणायची कुणाची छाती आहे?

निर्गमच्या पुस्तकात मोशेचे हात थकतात तेव्हा अहरोन आणि हूर त्याला दगडावर बसवतात आणि दोन्ही बाजूंनी सूर्यास्तापर्यंत त्याचे हात धरून ठेवतात. हात मोशेचे, आधार दोघांचा, विजय देवाचा. आमच्या गटातल्या दोघा-तिघांनी हे शब्दशः केलं. पाळी लावून दुपारी चारला येत, खुर्ची मागे धरत आणि उठाबशा मोजत. प्रार्थना शेवटी, पाच मिनिटं.

आणि मग ईस्टरनंतरचा एक रविवार. आम्ही बाकाच्या कडेला बसलो. रांग निघाली. मी मागे, हात न लावता. हे काठी बाकाला टेकवून शेवटची पाच-सहा पावलं एकटे गेले. लंगडत. मागच्या लोकांनी घाई केली नाही. फादर एक पायरी खाली उतरून थांबले. ह्यांनी डावा हात पुढे केला. तो पूर्ण उघडला नाही. खोलगट राहिला, बशीसारखा, दोन बोटं वाकलेलीच. खालून उजव्या हाताचा आधार. माझ्या ओठांवर एकच शब्द होता, आणि तो कुठल्याही प्रार्थनापुस्तकातला नव्हता: निधान. फादरांनी ख्रिस्तशरीर त्या अर्ध्या उघड्या हातावर ठेवलं. “आमेन” जरा अडखळत आला, पण सगळ्यांना ऐकू गेला.

घरी आल्यावर मी त्यांना म्हटलं, “त्या रात्री तुम्ही विचारलं होतं ना, विश्वास कमी पडतोय का म्हणून. कमी पडला तो माझा धीर.” ते काही बोलले नाहीत. डाव्या हाताने माझा पदर धरला, आणि मग, वेळ घेऊन, सोडला.

हात अजून तसाच आहे. इंजेक्शनचा परिणाम ओसरला की पुन्हा आखडतो. कदाचित तो इतकाच उघडेल. याकोबही रात्रभर झुंजला, आशीर्वाद घेऊन निघाला, आणि सूर्य उगवला तेव्हा लंगडतच होता. लंगडणं आणि आशीर्वाद एकाच माणसात राहू शकतात.

तुमच्या पॅरिशमध्ये लकव्यातून सावरणारं कुणी असेल तर एवढं करा. त्यांना बाकाच्या कडेची जागा द्या. उठवताना कमजोर हात किंवा काख धरून ओढू नका, खांदा निखळतो. रांगेत घाई करू नका. भेटायला जाल तेव्हा “बरे व्हाल” म्हणण्याआधी “आज कितीदा उठलात, मी मोजू का?” असं विचारा. आणि त्यांचा विश्वास मोजू नका. तो आपला काटा नव्हे.

प्रभू येशू, वाळलेला हात पुढे करायला सांगणाऱ्या आमच्या तारणाऱ्या, जे आखडले आहेत त्यांना तुझ्या सावकाशीचा स्पर्श दे. जे सांभाळतात त्यांना धीर दे. जे शिकवतात त्यांच्या हातांना आशीर्वाद दे, मग ते तुझं नाव घेत असोत वा नसोत. आमच्या मिटलेल्या मुठी तू ओढून नव्हे, थांबून उघड. आमेन.